धुक्यात चुकलेलं चिनी हॉटेल

कारुइझावा, जुलै

चि. तोमोए,

मोठ्या भावाचे आशीर्वाद. हिरोमिचीरावांचा गुडघा आता जिना चढू देतो ना? तिकडे ताकासाकीत तुम्ही उकाड्यात शिजत असाल. इथे डोंगरावर धुकं इतकं की धुतलेला मोजा आठवडाभर ओलाच राहतो. तोक्योचे बंगलेवाले बाबागाडीत कुत्री घालून फिरतात, तेव्हा समोरून नुसती बाबागाडीच येताना दिसते. (परवा अशाच एका बाळाचं मी वाकून कौतुक केलं. बाळाने माझं नाक चाटलं.)

आता तुझी कामगिरी. चिगुसाने ज्या कोमेई लिनशी लग्न करायचं ठरवलंय, त्याच्या घरचं चिनी हॉटेल आणि घरची माणसं मी पाहून यायचं, मला पटलं तर तू होकार देणार, आणि तिथे मी तोंड फक्त जेवायला उघडायचं, असं तू बजावलंस. "दादा, भाषण ठोकलंस तर पोरीचं लग्न मोडेल," हे तुझे शब्द. ज्याच्या भाषणाने नगराध्यक्षाला मागच्या दाराने पळावं लागलं, त्या माणसाला हे सांगणं म्हणजे ज्वालामुखीला जरा हळू खोक म्हणण्यासारखं आहे. तरी मी पाळलं. चिगुसानेही फोनवर गळा काढला होता, "मामा, सगळं तुमच्यावर आहे. प्लीज, माणसासारखे वागा."

स्टेशनामागच्या गल्लीत दोन चिनी हॉटेलं समोरासमोर आहेत. दोन्हींच्या दारात लाल कंदील आणि दोन्हींच्या पाट्या धुक्यात गडप. मी एका कंदिलाखाली शिरलो. आत एक टकलू म्हातारा एकटाच कढईत भात परतत होता. नवऱ्यामुलाचा बाप म्हणून मला बरा वाटला. मी मुकाट नूडल्सचं रामेन मागवलं, मग फ्राइड राइस, मग सारण भरलेल्या करंज्यांसारखे ग्योझा. (तळाशी खरपूस, वरून मऊ. तुला आवडतात तसे.) ताटात अन्न टाकणाऱ्यांविरुद्ध मी या प्रांतातल्या प्रत्येक शाळेत आग ओकलो आहे. एका मठात तर अर्धा वाडगा नूडल्स टाकून उठलेल्या महंतांना चारचौघांत परत बसवलं आहे. तेव्हा मी शेवटच्या शितापर्यंत सगळं संपवलं आणि मग न राहवून विचारलं, "चिरंजीव दिसत नाहीत?"

"कुणाचे?"

"तुमचे. कोमेई."

"आजोबा, मला फक्त एक मांजर आहे. आणि तेसुद्धा जेवायला समोर लिनांकडे जातं."

पोट नगाऱ्यासारखं झालेलं, वेळ टळून गेलेली, आणि रस्त्यापलीकडे चिगुसासकट लिन कुटुंब माझ्यासाठी टेबल मांडून बसलेलं! मी रस्ता ओलांडला. मी नुकताच समोर जेवून आलो, हे सांगण्यापेक्षा मी जागीच फुटणं पत्करलं असतं.

लिनबाई दारातच वाकून म्हणाल्या, "या, या! किती वाळलात हो!" (आमची ही पहिलीच भेट.) वाढू लागल्या. मी संपवलं. त्यांनी पुन्हा वाढलं. मी पुन्हा संपवलं. तत्त्व ते तत्त्व. कोमेई आतबाहेर करत होता. चिगुसाला ठसका लागला तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता, कांदा चिरता चिरताच, पाण्याचा पेला सरकवला, आणि तिनेही न बघता तो घेतला. हे मी टिपून ठेवलं. मात्र तेव्हा मला श्वास घेणं कठीण जात होतं.

आणि एकदम डोक्यात वीज चमकली. एका जुन्या प्रवासवर्णनात वाचलं होतं: चिनी घरात पाहुण्याने ताट चाटूनपुसून संपवलं तर यजमानाने कमी वाढलं असा अर्थ होतो! म्हणजे मी इतका वेळ त्या बाईंचा अपमान करत होतो आणि त्या बिचाऱ्या तो अपमान वाढून वाढून धुऊन काढत होत्या! तोमोए, मी आयुष्यात पहिल्यांदा एक ग्योझा ताटात तसाच ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.

लिनबाईंचा चेहरा पडला. "आवडला नाही वाटतं," म्हणून त्यांनी ताट उचललं आणि दुसऱ्या गरमागरम ग्योझांनी भरून आणलं. टेबलाखाली चिगुसाने माझ्या नडगीवर लाथ घातली.

मग मात्र मी उठून उभा राहिलो. दोन देश, दोन ताटं, अन्नाविषयीचे दोन आदर या विषयावर असा काही बोललो की हॉटेलातली गिऱ्हाइकं जेवणाच्या काड्या खाली ठेवून ऐकत राहिली. शेवटी टाळ्या पडल्या. दोन संस्कृतींमधला गैरसमज मी एकहाती मिटवला आहे. होकाराविषयी मी शांतपणे, तटस्थपणे विचार करून कळवीन. घाई नाही.

तुझा,
केन्साकुदादा

ता. क. चिगुसाने हे पत्र वाचलं आणि आता ती खरं काय ते लिहायला लावते आहे. लिनबाईंचा जन्म चीनचा नव्हे, इथलाच, योकोहामाचा. भाषणानंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मामासाहेब, आमच्या घरी ताटात घास टाकला असता तर सासूने मलाच बाहेर टाकलं असतं." मग वाढत का होतात, असं मी विचारलं. "तुम्ही खात होतात म्हणून. वहिनी गेल्यापासून तुमच्या घरी चूल पेटत नाही, हे चिगुसाने सांगितलंय." यावर मला काही बोलता आलं नाही. (हे चिगुसाने अधोरेखित करायला सांगितलं. मी केलेलं नाही.)

ता. ता. क. लिनबाईंनी मला रोज संध्याकाळी जेवायला बोलावलं आहे. आता माझी तत्त्वं तुला ठाऊक आहेत. लग्न ठरण्याआधी मुलीचा मामा मुलाकडे रोज फुकट जेवला तर ती लाच. ठरल्यानंतर जेवला तर ते नातं. तेव्हा मघाचं 'घाई नाही' खोडलं असं समज, आणि हे वाचून होताच जागेवरून न उठता लिनांना होकाराचा फोन कर. सोमवारपासून मी लाच खातो आहे.