तालमीतला न्यायाधीश

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या तो मनातल्या मनात घालतो, पण भाव पूर्ण लांबीचा आहे.) तुझी कंबर आता बरी असेल असं धरून चालतो, कारण नसती तर तुझं पत्र इतकं खरमरीत आलं नसतं. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना माझे दंडवत आणि औषध वेळेवर घ्यायची विनंती. इकडे मी ठणठणीत आहे. फोन न करता पत्र का लिहितो आहे, असं तू विचारशीलच. फोनवर तू मध्येच बोलतेस, पत्रात तुला तशी सोय नाही, एवढंच कारण.

तर ज्या कामगिरीवर तू मला धाडलंस तिचा हा वृत्तांत. कामगिरी अशी, की तुझ्या कन्येला, म्हणजे आपल्या वकीलबाईंना, अटकेतल्या पोरापोरींची फुकट वकिली सोडायला लावायची आणि त्या मोठ्या कंपनीतल्या थंडगार खोलीत नेऊन बसवायची. 'माझं ऐकत नाही, मामाचं ऐकेल' हे तुझे शब्द. अक्का, तुझी लेक लहान असताना मी तिला दूध प्यायला लावू शकलो नव्हतो, हे तू विसरलीस. तरी गेलो. गाडीत बसल्या बसल्या भाषणसुद्धा तयार केलं, पहिलं वाक्य 'हे बघ बाळ' असं होतं. तिचं ऑफिस सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आहे. जिन्यात ट्यूबांचा वास येतो, आणि वर दोन खोल्यांत इतकी कागदपत्रं आहेत की पाहुण्याने बसायचं ठरवलं तर आधी कोणाचा तरी खटला उचलून बाजूला ठेवावा लागतो. मी 'हे बघ' म्हणालो, 'बाळ' म्हणायच्या आत तिने माझ्या हातात बिस्किटांची पिशवी दिली आणि म्हणाली, "मामा, बरं झालं आलास. मला न्यायाधीश हवाच होता."

आता हे काय प्रकरण ते सांगतो. निरीक्षणगृह म्हणून एक जागा असते, खटल्याचा निकाल लागेपर्यंत पोरांना तिथे ठेवतात. नाव ऐकून मला वाटलं दुर्बीण वगैरे असेल. तसलं काही नाही, पिवळ्या रंगाची बसकी इमारत, खिडक्यांना गज, आणि दारावरचा शिपाई माझी पिशवी अशी तपासत होता की मला माझ्या नोकरीचे दिवस आठवले. (फरक एवढाच, की मी लोकांची तिकिटं तपासायचो, त्यांची बिस्किटं मोजायचो नाही.) तिथल्या भेटीच्या खोलीत वकीलबाई कोर्टाची तालीम घेतात. खरोखर तालीम, नाटकाची असते तशी. टेबल ओढून न्यायाधीशाची जागा करायची, इकडे सरकारी वकील, तिकडे आपण, आणि ज्या पोराची सुनावणी आहे त्याने आळीपाळीने सगळ्यांच्या जागी बसायचं. का, तर कोर्टात गेल्यावर पोरांची बोबडी वळते. कोण कुठून काय बोलतंय ते कळत नाही, आणि गप्प बसलेलं पोर निगरगट्ट आहे असा लोकांचा समज होतो. एकदा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून पाहिलं, की ती खुर्चीच आहे हे कळतं, असं तिचं म्हणणं.

ज्या मुलीसाठी मला बसवायचं होतं ती सोळा वर्षांची. तिचा गुन्हा ऐक. फर्निचरच्या दुकानाचं मागचं दार नीट लागत नव्हतं, तिथून ती आत शिरली आणि दुकानातल्या सगळ्यात भारी पलंगावर रात्रभर झोपली. सकाळी मालक आला तेव्हा बाई चादरीच्या सुरकुत्या काढत होत्या. चोरलं काही नाही, मोडलं काही नाही. तिच्या मामीच्या घरी तिला राहवेना म्हणून निघाली होती. (का राहवेना ते मी विचारलं नाही. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं, आणि मुलीच्या मनगटावरची खूण पाहिल्यावर विचारायची गरजही राहिली नाही.) त्याच सुमारास आत आलेली बाकीची पोरं आपापल्या आईबापांच्या सहीवर केव्हाच घरी गेली, त्यात दोघे तर मारामारीतले. ही मात्र राहिली, कारण हिला न्यायला यायला कोणी नाही. गुन्ह्यासाठी नव्हे, पत्ता नाही म्हणून पोर गजाआड. मी उभा जन्म लोकांच्या सबबी ऐकण्यात घालवला, मला सहसा कोणाची दया येत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण हे ऐकून माझं डोकं फिरलं.

तिथले लोक तिला 'पलंगवाली' म्हणत. वकीलबाईंनी ते पहिल्याच भेटीत बंद पाडलं आणि तिलाच विचारलं, तुला काय म्हणायचं. तिने बराच विचार करून 'ताई' असं सांगितलं, कारण धाकटा भाऊ तसं म्हणायचा. झालं. तेव्हापासून शिपाई, स्वयंपाकीण, अधीक्षक आणि वयाने आजोबा शोभेल असा मी, सगळे तिला ताई म्हणतो.

अक्का, तुझ्या लेकीची काम करायची पद्धत तू एकदा बघायला हवी. ती पोरांपेक्षा खालच्या स्टुलावर बसते. पहिल्या भेटीत 'काय केलंस' हा प्रश्न चुकूनसुद्धा विचारत नाही, 'झोप लागते का' विचारते. कोर्टाचा कागद वाचून दाखवते आणि मग पोराला म्हणते, आता हे मला समजावून सांग. नाही सांगता आलं तर पोराला बोल लावत नाही, 'मीच नीट सांगितलं नाही' म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ताईंच्या कागदांसाठी पोलीस चौकीत गेलो, तिथे आम्हाला 'उद्या या' म्हणाले तेव्हा ती हसून बाकावर बसली, डबा उघडला, साहेबांनाही एक घास विचारला. जेवण होऊन डबा धुऊन झाला तरी ती उठेना, तेव्हा साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. आवाज नाही, आदळआपट नाही. हा हट्ट तिने कोणाकडून घेतला हे आपल्या घरात कोणाला सांगायची गरज नाही.

तालमीत पहिल्या दिवशी मी न्यायाधीश म्हणून सपशेल नापास झालो. रेनकोट खांद्यावर टाकला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि ताईंनी तोंड उघडायच्या आत त्यांना दोषी ठरवलं. (जुनी सवय. विनातिकीट म्हणजे विनातिकीट.) वकीलबाई म्हणाल्या, मामा, हे मुलांचं कोर्ट आहे. सरकारी बाजू संपली की मुलीकडे बघायचं आणि म्हणायचं, "मुलीचं म्हणणं काय आहे? सावकाश बोल." मी विचारलं, खरे न्यायाधीश दर वेळी असं विचारतात का. ती म्हणाली, विचारायला हवं, पण गर्दीत राहून जातं. मग जागा बदलल्या. ताई न्यायाधीश झाल्या आणि मी आरोपी. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पहिला हुकूम दिला, "यांना आधी पाणी द्या, ते दमलेत." अक्का, मी ते पाणी प्यायलो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. त्यानंतर रोज तालमीला गेलो. ते एक वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं की दूधवाल्याचा हिशेब ऐकून झाल्यावरही मी त्याला सावकाश बोल म्हणालो.

मग खरी सुनावणी. खोली साधी, पंखा कुरकुरणारा, न्यायाधीशबाई कामाने वाकलेल्या आणि बाहेर माणसांची रांग. मी मागच्या बाकावर, तोंडाला कुलूप घालून बसायचं अशा सक्त ताकिदीवर. सरकारी वकील म्हणाले, मुलीला सांभाळणारं जबाबदार माणूस नाही, सबब निकाल लागेपर्यंत आतच ठेवावी. न्यायाधीशबाई खाली बघून लिहू लागल्या. वकीलबाई उभ्या राहतच होत्या, तेवढ्यात कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "मुलीचं म्हणणं काय आहे? सावकाश बोल."

तो मी होतो.

सगळी खोली माझ्याकडे वळली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, आपण कोण? आणि अक्का, घाबरल्यावर माणूस सवयीचं बोलतो, मी म्हणालो, "न्यायाधीश." कारकुनाचं पेन खाली पडलं. शिपाई माझ्या दंडाला धरायला निघाला. पण इकडे ताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या लेखी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, प्रश्न नेहमीच्या आवाजात आला होता, आता पाळी त्यांची. आणि त्या बोलल्या. दुकानात शिरले हे खरं आहे. चोरायला नाही, झोपायला गेले होते. मामीकडे पाठवू नका, तिथे मला झोप लागत नाही. मला शिवण शिकायचं आहे. आणि ठेवायचंच असेल तर का ते मला कळेल असं सांगा. एवढं बोलून खाली बसल्या. रडल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. न्यायाधीशबाईंनी लेखणी खाली ठेवली होती. शिपायाला हाताने थांबवून त्या ताईंशी थेट बोलल्या, चांगली पाच-दहा मिनिटं, बाहेरची रांग तशीच ठेवून. शेवटी म्हणाल्या, दिवसभर घरात असणारं, भरवशाचं माणूस मिळालं तर आठवड्याने सोडते.

बाहेर आल्यावर वकीलबाई माझ्यावर तोंडसुख घेतील म्हणून मी छत्रीच्या आड उभा होतो. ती आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली, मग तिचे डोळे पुसायची वेळ आली. माझं भाषण अजून खिशातच आहे. 'हे बघ बाळ' हे वाक्य मी तेवढं वापरलं, आणि पुढे म्हणालो, की ती कंपनी तुझ्या लायकीची नाही. तुझा राग मला मान्य आहे. पण असं काम करणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत, आणि ही तर आपल्या घरातली निघाली.

कंबरेला शेक घेत जा. दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (इतर बाबतींत),
धाकटा

ता. क. कोर्टाने मला समज देऊन सोडलं. ही गोष्ट मोठ्या वहिनींच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

ता. क. दुसरा. समज देताना न्यायाधीशबाईंनी विचारलं, एवढी काळजी आहे तर तुमच्या माहितीत असं घर आहे का? मी एकटा, दिवसभर बाहेर उंडारणारा, माझं घर चालण्यासारखं नव्हतं. माझ्या तोंडून तुझा पत्ता गेला. वकीलबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांनी कोर्टाला तिथल्या तिथे सांगितलं, की बाई माझी आई आहे, मी तिला गळ घालणार नाही, आणि तिने नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे. म्हणून हे पत्र मी लिहितो आहे, तिने नव्हे. गुरुवारी एक अधिकारी घर बघायला येतील. नको असेल तर त्यांना तसं साफ सांग. मी किंवा तुझी लेक, आम्ही दोघंही तुला एका शब्दाने बोलणार नाही. दाजींना हे सगळं वाचून दाखव, पण त्यांना झोप लागायच्या आत.

ता. क. तिसरा. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, यातलं ताईंनी काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तिथे खोलीचं दार आतून लावता येतं का. मी हो म्हणून बसलोय. तुझ्या मागच्या खोलीची कडी निखळली आहे, तेवढी गुरुवारच्या आत सुताराकडून बसवून घे.