गोल सज्जाचं घर

महाड, ४ जानेवारी १९३७
आज हे पुष्कळ दिवसांनी बोलले. पाणी मागितलं, बस्स. पडल्यापासून कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहू. कशाची?
शेजारी आमच्या नव्या घराचा गोल सज्जा अर्धवट. त्याचाच साचा बघायला हे परांचीवर चढले, न् पाय निसटला.

९ जाने.
बिरवाडीच्या आत्याबाई आल्या. खाटेशी बसून, ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घराला कोपराच नाय, मग लक्ष्मी टेकायची कुठं?" मामंजी मान डोलावत होते.
रस्त्यावरून जाणारे आमच्या घराला 'आगबोट' म्हणतात. आधी हे हसून म्हणायचे, "आहेच बोट. बुडणार मात्र नाही."
ह्यांनी मुंबईत इतकी वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढले. रविवारी समुद्रावरची नवी गोल घरं दाखवायला न्यायचे मला. म्हणायचे, "अगं, हात फिरवून बघ, भिंत संपतच नाही." मी चप्पल चावते म्हणून कुरकुरत असे.

१५ जाने.
मामंजींनी ठरवलं, सज्जा पाडून सरळ भिंत घालायची. दाराआडून म्हटलं, "ह्यांना विचारल्याशिवाय नको."
"त्याच्यासाठीच करतोय ना, सूनबाई." डोळ्यांत पाणी. म्हाताऱ्यावर चिडायचं तरी कसं.

१६ जाने.
विचारलं. वाटलं होतं, संतापतील. तेवढीच जान येईल.
"पाडा."
"मनापासून?"
"मला ते डोळ्यांसमोर नको."
कूस बदलता येत नाही, म्हणून डोळे मिटून घेतले. चूल पेटवली नाही. कुणासाठी पेटवायची...

१९ जाने.
दुपारी एकटीच नव्या घरात गेले. सज्जात उभं राहिलं की सावित्री नदी दिसते, आणि मान जरा वळवली की पोलादपूरकडचे डोंगर. भिंतीवरून हात फिरवला. धीर येईल वाटलं. नाही आला. नुसतं खरबरीत सिमेंट. तरी पाडू द्यायचा नाही. का, ते सांगता येत नाही.

२३ जाने.
सकाळी धोंडू गवंडी घण घेऊन आला. मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांदेखत सज्जाखाली उभी राहिले. मामंजी ओट्यावर.
"वयनी, बाजूला व्हा."
"नाही होणार."
"थोरले मालक पाड म्हनतात, धाकले मालक पाड म्हनतात, तुमी नको म्हनता. मी कुनाचं ऐकू गो बाय?"
तेवढ्यात आमच्या खिडकीतून ह्यांची हाक. घसा फुटेल अशी, पण शब्द कळला नाही. धावत आत गेले. चादर ओढून तोंड झाकलेलं.
"काय म्हणालात? थांबवू?"
पुन्हा विचारलं. चादर नुसती हुंदक्यांनी हलतेय.
खाटेशी बसून हे लिहितेय. धोंडू दारात उभा आहे, "काय म्हनतात मालक?" म्हणून दोनदा विचारून झालं त्याचं.