कर्तबगार वाकरूळकर

५ मार्च १९८९, रविवार
झालं! अवधूतनं काम माझ्याच गळ्यात मारलं. मे महिन्यात पनवेलला आम्हा वाकरूळकरांचं कुलसंमेलन, आणि घराण्यातली कर्तबगार माणसं शोधायची मी. चुलतभाऊ असला तरी अध्यक्ष आहे, ऐकावं लागतं. जोशी-कुलकर्णी पैशाला पासरी, पण वाकरूळकरांची सगळी मिळून पन्नास घरं नसतील. बायको असून रमा म्हणते, "त्यात कर्तबगार किती निघणार?" बघच म्हटलं.

८ मार्च
दोन निघाले. एक बडोद्याचे, जलतरंग वाजवायचे. दुसरे कोणी तात्या वाकरूळकर — मोरा बंदरात भर वादळात बुडत्या होडीतून माणसं काढली. वाचताना छाती फुगली. मी आपला बँकेतला कारकून, पण आडनाव तेच ना!

१० मार्च
घबाड हाती लागलं. जुन्या पनवेलच्या निवृत्त नर्स म. स. वाकरूळकर. सत्काराचं कात्रण मिळालं. आम्ही दादरहून नवीन पनवेलला आलो त्याला दोनच वर्षं झाली, मला कुठलं माहीत असायला! कामाला येणाऱ्या सखूबाईला विचारलं. "नर्सबाय? माजी तिनी पोरां त्यांच्याच हातची हायेत. छातीभर पान्यातून चालत आल्या, पन 'येत नाय' बोलल्या नाय कदी."
म म्हणजे मनोरमा असणार. उद्या जातो.

११ मार्च, शनिवार
म म्हणजे मझल! दाराच्या चौकटीवर ज्यूंच्या घरी असते तशी तिरकी डबी दिसली, तरी माझी ट्यूब पेटली नाही. बाईच म्हणाल्या, "अरे, आम्ही बेने इस्राएल. तुमचं-आमचं गाव एक, कूळ नाही." कोकणातल्या ज्यूंनीही गावावरूनच आडनावं घेतली, एवढं साधं मला कळू नये.
शनिवार हा त्यांचा धर्माचा विश्रांतीचा दिवस, गॅस पेटवत नाहीत, म्हणून चहाऐवजी खोबऱ्याची वडी. जूनमध्ये मुलगा अवी इस्राएलला घेऊन जातोय. त्यांच्यातलं या आळीतलं हे शेवटचंच घर. निघताना विचारलं, "आई कोण रे तुझी?" मालू म्हटल्यावर बघतच राहिल्या. "मालूचा दीनू. केवढा झालास." आणि आणखी एक वडी हातावर ठेवली.
बाई फार आवडल्या. जायच्या आधी त्यांचा सत्कार संमेलनात झालाच पाहिजे, कूळबीळ गेलं खड्ड्यात.

१९ मार्च
बैठक. अवधूत म्हणाला, "रक्ताचं नातं नाही. हे कुलसंमेलन आहे, गावजत्रा नव्हे." सगळे नंदीबैल, माना डोलावून मोकळे. मी भांडलो, आवाज चढवला. उपयोग शून्य. जेवण गेलं नाही.

२५ मार्च
मझलबाईंना सांगून आलो. रक्ताचं नातं लागतं म्हणतात, हेही सांगितलं. शरमेनं मान वर होईना. त्या नुसत्या हसल्या. "त्यांचं बरोबर आहे. तू वाईट वाटून घेऊ नकोस." वर मलाच धीर! इतकं मोठं मन कुठून आणतात ही माणसं?

२६ मार्च
कुमुदआत्याकडे गेलो. बाबांची बहीण, ऐंशीची, जीभ अजून विळीसारखी. तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हातातली वाटी खाली ठेवली.
"मझलला रक्ताचं सांगून आलास? तू?"
म्हटलं, काय झालं?
"अरे, पनवेलच्या दवाखान्यात बाळंतपणात गेलेल्या एका परक्या बाईचं पोर होतं, त्याला कोणी नव्हतं. मझलनं फडक्यात गुंडाळून मालूच्या ओटीत घातलं. मालूनं आम्हा दोघींना शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही. मझल आजवर गप्प आहे." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ते पोर तू, दीनू."
म्हणजे काल तिथं बसून त्यांना रक्त शिकवत होतो, तेव्हाही बाई गप्पच राहिल्या. रमाला सांगताना रडू आवरेना.

२७ मार्च
अवधूतला यादी दिली. पहिलं नाव मझल वाकरूळकर. त्यानं पेन उचललं. म्हटलं, खोडायचं तर दोन नावं खोड, एक या यादीतलं, एक वंशावळीतलं.
"दुसरं कोणाचं?"
माझं, म्हटलं.