बाप वाकला नाही

मुंबई, १२ जानेवारी २०२४

ती. ताईस,

सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, आणि बाबा शेजारी असले की तू हो-नाहीच्या पुढे जात नाहीस. म्हणून पत्र. लग्नसराईत बाबा बँडबरोबर महिनाभर बाहेर असायचे, तेव्हा तू त्यांना कार्ड लिहायचीस आणि शेवटी माझा अंगठा शाईत बुडवून उठवायचीस. त्या मानानं मी आता बरं लिहितो.

सहा वर्षं मी इथल्या हॉटेलात जॅझ वाजवतोय. लोक जेवतात, आम्ही वाजवतो. ट्रंपेटवर जीव ओतला तरी कोणी ताटातून मान वर काढत नाही. हिप-हॉपचं तसं नाही. माझ्याबरोबर तेजस्विनी आहे, कोल्हापूरची; ती लॅपटॉपवर ठेका बांधते, त्यावर माझं ट्रंपेट आणि माझेच शब्द. आमचं ‘बाप वाकला नाही’ हे गाणं दहा दिवसांत चार लाख लोकांनी ऐकलं. एक कंपनी पुरा अल्बम करायला तयार आहे. मार्चमध्ये पुण्यात मोठा कार्यक्रम आहे.

गाणं बाबांचं आहे. टेम्पोतून पडून पुढचे दात गेले, असं त्यांनी आपल्याला सांगितलं होतं ना? तसं नाही. दिवाळीत बाबांच्या बँडातल्या गेणभाऊंनी मला खरं सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली एका वरातीत बाबांनी मांडवातल्या पिंपातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं. ते पाहून नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं, बाबा वाजवत असताना, ट्रंपेटवर हात मारला. ओठ फाटला, दोन दात गेले. त्यानंतर बाबांनी ट्रंपेट सोडलं आणि ढोल गळ्यात घातला. गाण्यात मी म्हटलंय की माझ्या बापानं त्या दारात पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

बाबांना ऐकव. भांडण चालेल, पण गप्प बसू नकोस.

तुझा,
भूषण


घोडेगाव, ३१ जानेवारी २०२४

चि. बुद्धभूषण यास,

अनेक आशीर्वाद.

मी ऐकवायच्या आधीच त्यांनी ऐकलं. एसटी स्टँडवर दोन पोरं मोबाइलवर लावून बसली होती. बाबांना पाहून त्यांनी आवाज वाढवला आणि हसली. बाबा मंचरला जायला निघाले होते, ते चालत घरी परत आले. तेव्हापासून तीन आठवडे उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. बँडचा कोट घडी करून ट्रंकेत ठेवलाय. फेब्रुवारीच्या दोन सुपाऱ्या परत गेल्या. एकांनी सांगितलं की उगाच वाद नको. बाकीच्या तारखा गेणभाऊ सांभाळतात, पण ढोलाला माणूस नाही.

मी पंचायत समितीत दिवसभर लोकांची नावं लिहून घेते. आता समोरचा माणूस माझंच नाव विचारतो, भागुजींची मुलगी का म्हणून. काहीजण छाती पुढे काढून विचारतात, काहीजण डोळे बारीक करून. दोन्ही मला सारखंच नको झालंय.

गेणभाऊ परवा आले, ओट्यावर तासभर बसले. बाबा आतून उठले नाहीत. मग गेणभाऊ मला म्हणाले की पोराला सांगताना माझी जीभ झडायला हवी होती.

मी बाबांना समजावलं की अपमान करणाऱ्यानं लाजावं, सोसणाऱ्यानं का? ते एवढंच म्हणाले की माझं दुखणं मी भूषणला वाजवायला दिलं नव्हतं.

तुझं ट्रंपेट मात्र त्यात फार चांगलं वाजलंय रे. ते ऐकून रडले मी. पण तू आधी विचारायला हवं होतंस. जेवत जा वेळेवर.

तुझी,
प्रतीक्षाताई


घोडेगाव, ता. १५ फेब्रुवारी

चि. भूषण यास बापाचा जयभीम.

सातवी शिकल्याला बाप, चुका झाल्या तर सांभाळून घे. हे पत्र ताईला दाखवलं न्हाई. तू दाखव वाटलं तर.

गेणूनं तुला सांगितलं ते सारं खरं. पर अर्धंच. दात गेल्याचं मला कायबी वाटत न्हाई आता. तू गाण्यात म्हनला की बाप वाकला न्हाई, त्या दारात परत गेला न्हाई. बाळा, मी गेलो व्हतो.

पुढच्याच साली त्या घरात पोरीचं लगीन निघालं. आमच्या बँडात अकरा मानसं. त्या घरानं शब्द टाकला की चार गावची लग्नं मिळायची, आनि न्हाई म्हनलं की अकरा घरं बसून. तवा मी आनि गेणू आपल्या पायानं गेलो. सुपारी मागाया. मारनारा तिथंच खाटंवर बसला व्हता. मी हात जोडलं. चूक झाली म्हनलो. कुनाची चूक ते त्यानं इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई. मग मी त्याच्या पाया पडलो. माझ्या मागं गेणू पडला. त्या लग्नात आमी लई चांगलं वाजवलं.

हे त्या गावाला ठाऊक हाय. म्हनून ती पोरं हसली. त्यातला एक त्याचाच नातू. सारी दुनिया म्हनती भागुजी वाकला न्हाई, आनि त्या गावात हसू व्हतं. मारलं तवा मला येवढी लाज वाटली नव्हती.

तुझ्यावर राग न्हाई. तुला बाप मोठा दाखवायचा व्हता. पर तसला बाप तुला न्हाई. गायचं तर खरं गा, न्हाईतर नको गाऊ.

तब्येतीला जप. ओठाला थंडीत खोबरेल लाव.

तुझा बाप,
भागुजी


मुंबई, ८ मार्च २०२४

ती. बाबांस,

सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हॉटेलात वाजवता आलं नाही. ओठ ट्रंपेटला लागले की फुंकर सुटेना. आमचे पियानोवाले सर काही न विचारता माझ्या वाटचं वाजवत राहिले.

जुनं गाणं मी काढून टाकलं. लोकांनी उतरवून घेतलेलं आहे, ते माझ्या हातात नाही. पुण्याच्या कार्यक्रमात मी खरं गायलो. तुम्ही लिहिलंत तसंच: अकरा माणसं, खाट, जोडलेले हात. पाया पडला भागुजी, पाया पडला गेणू. शेवटी ट्रंपेटचा मोठा तुकडा होता, तो वाजवला नाही. तिथं काही वाजवावंसं वाटेना.  पाठीमागून थोड्या टाळ्या आल्या.

कंपनीच्या माणसानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की लोकांना लढणारा बाप हवा, हा बाप चालणार नाही. अल्बम रद्द झाला. तेजस्विनी दोन दिवस बोलली नाही. गाणं बदलल्याचा तिला राग नव्हता, तिला न सांगता बदलल्याचा होता. तेव्हा लक्षात आलं की तुमच्यावर गाणं करताना पहिल्या वेळी मी तुम्हाला विचारलं नाही, आणि दुसऱ्या वेळी गेणभाऊंना विचारलं नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणीतरी टाकलाय, तो फिरतोय.

मला तुमची लाज वाटत नाही, बाबा. हे समोर बसून सांगायला हवं. पुढच्या शनिवारी येतो.

आपला,
भूषण


घोडेगाव, २ एप्रिल २०२४

चि. भूषण यास,

अनेक आशीर्वाद.

तू दोन दिवस राहून गेलास. त्यात तुम्ही दोघं बटाट्याच्या पिकाविषयी आणि एसटीच्या वेळांविषयी बोललात. असू दे. तू गेल्यावर बाबांनी माझ्याकडून पुण्याचा व्हिडिओ लावून घेतला. पूर्ण ऐकला आणि म्हणाले, आता बरोबर हाय. त्या रात्री भाकरी मागून घेतली.

पण गेणभाऊ गाव सोडून गेले. तू इथं होतास तेव्हाच त्यांच्या दाराला कुलूप होतं, तुला सांगायचं माझ्यानं झालं नाही. त्यांच्या सुनेनं व्हिडिओ पाहिला, नातवंडांनी पाहिला. नातवानं विचारलं की आजोबा, तुम्ही खरंच पाया पडलात का? त्याच संध्याकाळी क्लॅरोनेट पोत्यात गुंडाळून ते वारूळवाडीला मुलीकडे निघून गेले. बँड बंद पडल्यातच जमा आहे.

काल सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून एकटेच स्टँडवर गेले. जवळजवळ तीन महिन्यांत पहिल्यांदा. मंचरला गाडी बदलून नारायणगावपर्यंत, पुढं वारूळवाडीला चालत. संध्याकाळच्या गाडीनं परत आले, तेही एकटेच.

मी विचारलं तेव्हा म्हणाले की गेणूनं दार उघडलं, चहा पाजला, दिवसभर दोघं ओसरीवर बसलो. तो विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. निघताना बाबांनी चल म्हटलं, तर गेणभाऊंनी नाही म्हणून मान हलवली आणि चपला सरळ करून दिल्या.

तुझ्यावर रागावू की नको, ते मला अजून ठरवता येत नाही. तोवर माया आहे तशीच आहे, येत जा.

बाबांनी एक निरोप लिहायला सांगितलाय, त्यांच्याच शब्दांत लिहिते. ते गाणं परत म्हनशील तवा माझं नाव राहू दे. गेणूचं काढून टाक.

तुझी,
प्रतीक्षाताई