मुखपृष्ठावरची तन्वी

टॅला, आयर्लंड, १२ नोव्हेंबर २०२०

ती. आईस, वृंदाचा नमस्कार.

तन्वी मजेत आहे, आजीची आठवण काढते. जवळच्या सरकारी शाळेत तिच्या वर्गात नायजेरिया, पोलंड, केरळ, सगळीकडची मुलं आहेत. तुझा गुडघा कसा आहे?

जिने तन्वीला प्रवेश नाकारला, त्या फीवाल्या शाळेने माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो छापला. शाळा बघायला गेलो होतो, तेव्हा काढलेला. आतल्या पानांवर सगळ्या मुली गोऱ्या.

मुख्याध्यापिका फोनवर म्हणाल्या, "किती गोड दिसतेय! रागावण्यासारखं काय त्यात?"

"वर्गात नको, मुखपृष्ठावर हवी?" मी विचारलं.

वकिलाची नोटीस धाडली. सगळ्या प्रती परत मागवायला लावल्या. शाळा आहे तशी दिसू दे जगाला. माझा जीव थंड झाला.

तन्वीने मात्र एक प्रत उशीखाली ठेवली आहे. मी पाहिलं, आणि उशी पुन्हा होती तशी ठेवली.

तब्येतीला जप.

तुझी,
वृंदा