बिनजिन्याचं पार्लर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण आमच्या बाहेरच्या खोलीत सध्या दोनशे बारा ठोकळे सांडलेत आणि आडवं पडायची सोय नाही. वाकतानाही एक टाचेत घुसला.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर फार मनावर घेऊ नकोस, त्या खोकल्यामुळेच ते कुठल्या खोलीत आहेत हे तुला कळतं. आम्ही इकडे ठीक. म्हणजे ही ठीक आहे. मी तसा ठीक नाही, पण ताप वगैरे काही नाही.

खरं तर फोनच केला असता. केला होता, अकरा वेळा. त्यातले नऊ तू उचलले नाहीस, एक दाजींनी उचलला आणि तू कामात आहेस एवढं सांगून खोकत बसले, आणि एक तुझ्या खारूने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. आदळला असता तरी मला बरं वाटलं असतं. अगदी हळू ठेवला गं. आठ वर्षांच्या पोरीने इतक्या हळू फोन ठेवू नये. म्हणून हे पत्र. ती पंधरा दिवस राहायला म्हणून आली आणि सहाव्या दिवशी सकाळीच बॅग भरून दारात बसली, ते का, हे तिने तुला सांगितलं नसणार. सांगणाऱ्यातली नाहीच ती, तुझ्यावर गेली आहे. तेव्हा मीच सांगतो. सगळी चूक माझी आहे हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारीन. माझा स्वभाव तुला काही आज कळलेला नाही.

आता मुळापासून. माझं काम तुला माहीत आहे, पण दाजींना अजूनही वाटतं की मी खेळणी बनवतो. बनवत नाही, मोडतो. कारखान्यात बनलेलं प्रत्येक नवं खेळणं आधी माझ्या टेबलावर येतं. मी ते कमरेइतक्या उंचीवरून तीनदा खाली टाकतो, त्याचे हातपाय ओढतो, रंग सुटतो का ते पाहायला बनावट लाळेत भिजवतो (ती लाळ बाटलीतून येते, दाजींना सांग, नाहीतर ते भलतंच समजतील), आणि मग फॉर्मवर पास की नापास ते लिहितो. बावीस वर्षं हेच केल्यामुळे हाताला सवय लागली आहे. हिच्या वाढदिवसाला घड्याळ आणलं, तर देण्याआधी मी ते नकळत तीनदा जमिनीवर टाकलं. तिसऱ्यांदा बंद पडलं. मी म्हटलं, बरं झालं आधीच कळलं. त्यावर ही दोन दिवस बोलली नव्हती. ते दोन दिवस मला तेव्हा फार वाटले होते.

तर दोन महिन्यांपूर्वी आमच्या विक्रीवाल्या बाईंच्या डोक्यात आलं की मुली ठोकळ्यांचे खेळ घेत नाहीत, म्हणून मुलींसाठी वेगळे ठोकळे काढायचे. वेगळे म्हणजे काय, तर गुलाबी. (काही जांभळे आहेत, पण तेही गुलाबीकडे झुकलेले.) मुलांच्या खोक्यात पूल असतो, क्रेन असते, आगीचा बंब असतो. या खोक्यात दुमजली ब्युटी पार्लर, त्यात तीन बायका, तिघींच्या हातांत कप, एक आरसा, केस वाळवायची खुर्ची आणि एक कुत्रा. खोक्यावर छापलंय, ‘खास तिच्यासाठी’. मी नेहमीप्रमाणे सगळं आपटलं, ओढलं, भिजवलं. बायकांचे केस ओढले, निघाले नाहीत. कुत्रा तर इतका दणकट की माझ्या हाताखालून गेलेल्या कुत्र्यांत पहिला नंबर द्यावा. राहिली ती शेवटची परीक्षा, मुलाच्या हाताने करायची. सात ते नऊ वर्षांच्या मुलीने पुस्तिकेत पाहून, कुणाची मदत न घेता ते पार्लर बांधायचं, आणि परीक्षकाने समोर घड्याळ घेऊन तोंड मिटून बसायचं. ‘वा’ म्हणायचं नाही, मान हलवायची नाही. एकदा मी हिशेबनिसाच्या मुलीला नुसतं ‘शाब्बास’ म्हटलं, तर साहेबांनी अख्खी परीक्षा रद्द केली होती. ती मुलगी आमची ठरलेली परीक्षार्थी होती, पण आता ती कॉलेजात जाते, तिला पार्लर बांधायला कसं बोलवायचं? मी साहेबांना म्हटलं, माझी भाची आली आहे, हुशार आहे. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, पोर सुट्टीला आलीये, तिला कसलं कामाला जुंपता? मी म्हटलं, खेळच तर आहे. ताई, बावीस वर्षांत मी स्वतः एकदाही खेळलो नाही आणि वर हे म्हटलं.

सकाळी नाश्ता झाल्यावर जेवणाच्या टेबलावर खोकं ठेवलं. खारूने सगळे ठोकळे आधी ओळीत लावले, रंगाने नाही, लांबीने. मग पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. दाजी पेपर वाचतात ना, छापखान्याच्या पत्त्यापर्यंत, तशी. आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, “मामा, या बायका वरच्या मजल्यावर जातात कशा?”

मी पाहिलं. ताई, जिना नव्हता. वर गच्ची होती, दोन खुर्च्या होत्या, टेबल होतं, पण जिना नव्हता, साधी शिडीसुद्धा नव्हती. हे चित्र काढणाऱ्याने काढलं, बाईंनी पाहिलं, साहेबांनी सही केली, आणि मी तर ते तीनदा आपटलं. त्या बायकांचे केस आम्ही सगळ्यांनी पाहिले, त्यांनी पाय कुठून टाकायचे ते कुणीच पाहिलं नाही. आणि मला बोलायची बंदी. तिने उत्तराची थोडी वाट पाहिली, खांदे उडवले, पुस्तिका मिटून बाजूला ठेवली आणि कामाला लागली. आत जाऊन मामीकडून शिवणाचा दोरा आणला. आरशाची भिंत उतरवली, केस वाळवायची खुर्ची उलटी केली, तिला दोरा बांधला, दोरा वरच्या दांडीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला ते तिन्ही कप ओवले. पंचावन्न मिनिटं. या वेळात ती एकदाही उठली नाही, दोरा आणायला गेली तेवढीच. शेवटी कुत्र्याला त्या खुर्चीत बसवलं, दोरा ओढला, आणि कुत्रा वर गेला. नुसता गेला नाही, वर जाऊन थांबला. तिने दोरा सोडला तरी थांबला. मग तिने कुत्र्याच्या जागी एकेका बाईला बसवलं. तिसऱ्या बाईच्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “चालली ना, मामा?”

मी घड्याळाकडे पाहिलं.

काय सांगू तुला, आतून मला नाचावंसं वाटत होतं. काम करताना ती जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून धरते. तू तशीच धरायचीस. आपला टेबलफॅन बिघडला होता तेव्हा तू तो सगळा उघडून चादरीवर मांडला होतास आणि जीभ तशीच धरून बसली होतीस, ते मला लख्ख आठवलं. फॅन फिरला, बाबांनी कुणी केलं म्हणून विचारलं, आणि मी म्हटलं, मी. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काहीच बोलली नाहीस. त्यावर बाबांनी मला पान्हे आणून दिले, पुढे तंत्रशाळेत घातलं, त्यावरच मी या लाइनीला लागलो. आणि तुला सांगण्यात आलं की विजेच्या वस्तूंना हात लावायचा नाही. हे मी आजवर कधी बोललो नाही. तूही नाही. मला वाटायचं तू विसरलीस. आता तसं वाटत नाही.

तर फॉर्म. त्यावर तीन प्रश्न असतात. पुस्तिकेप्रमाणे बांधले का? मी लिहिलं, नाही. मदतीशिवाय बांधले का? लिहिलं, नाही, दोरा घेतला. आणि खाली शेरा. तिथे मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मुलीला सूचना समजल्या नाहीत’. बावीस वर्षं पुस्तिकेबाहेर काही झालं की हेच लिहायचं असतं, हात आपोआप गेला. फॉर्म टेबलावर ठेवला, वर चष्मा ठेवला आणि आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर टेबलावर लिफ्ट नव्हती. जसंच्या तसं पार्लर होतं, चित्रातल्यासारखं, आरसा जागेवर, खुर्ची सुलटी, तिघींच्या हातांत कप. फॉर्मच्या वरच ठेवलेलं. दोरा परत गुंडाळून रिळाला. ही म्हणाली, एकोणीस मिनिटांत केलं पोरीने, मी पाहत होते. खारू खुर्चीत सरळ बसली होती. म्हणाली, “आता लिही.” दुसऱ्या दिवशी बॅग.

इथवर झालं ते सवयीने झालं असं तरी म्हणता येईल. पुढचं नाही. मी नवा फॉर्म घेतला आणि त्यावर एकोणीस मिनिटं लिहिली. विना मदत, पुस्तिकेप्रमाणे, उत्तम. लिफ्टचं नाव नाही, जिन्याचं नाव नाही. साहेबांनी तो फॉर्म सगळ्यांना दाखवला. विक्रीवाल्या बाई म्हणाल्या, बघा, पार्लर म्हटलं की मुलींना सांगावं लागत नाही. सगळे हसले. मीही हसलो, दात दिसेपर्यंत. तेव्हा माझ्या जागी दुसराच कुणी उभा राहून हसतोय असं वाटलं, पण तो मीच होतो.

तेव्हा ताई, तुझी मी माफी मागतो. सुट्टीचे अजून चार दिवस उरलेत. पाठवतेस का तिला? मी स्वतः न्यायला येतो. हवं तर दारातूनच घेऊन जाईन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. दाजींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. चार दिवसांपूर्वी मी साहेबांना जिन्याचं सांगितलं. (धीर करून सांगितलं, हे लक्षात घे.) ते म्हणाले, खोकी छापून तयार आहेत. मग मी लिफ्टचं बोलून गेलो. ते म्हणाले, सोमवारपर्यंत चित्र काढून आण, आहेत त्याच ठोकळ्यांत बसवू. म्हणून मी चार दिवस जमिनीवर बसून आहे. माझी लिफ्ट वर जाते, पण थांबत नाही. कुत्रा दर वेळी धाडकन खाली. (त्याला काही होत नाही, मघाशी लिहिलंच.) तेवढं एक खारूला सहज विचारशील का, दोरा तिने कुठे अडकवला होता? माझं नाव काढू नकोस. तुलाच माहिती हवी आहे असं दाखव.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालण्याआधी हिने वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “ज्या पोरीची माफी मागायची तिला एक ओळ नाही, तिच्या आईला एवढं पुराण. आणि शेवटी काय, तर तिची लिफ्ट आपल्या नावावर न्यायची. फॅनचंच पुन्हा करताय तुम्ही.” वरचा ता. क. खोडणार होतो, पण नाही खोडत. तुझा भाऊ कसा आहे ते तुला दिसू दे. खारूला काही विचारू नकोस. साहेबांना सोमवारी सांगतो की लिफ्ट माझी नाही, आणि पहिला फॉर्म कसा होता आणि दुसरा मी का लिहिला तेही सांगतो. मग ते माझं काय करायचं ते करोत. खालचा तुकडा कापून खारूला दे. वाचून दाखवू नकोस, तिचं ती वाचेल.

खारू, त्या कागदावर मी लिहिलं की तुला सूचना समजल्या नाहीत. ते खोटं आहे. तुला त्या समजल्या होत्या, आणि त्यांत काय चुकलंय तेही तुला एकटीलाच समजलं होतं. लिफ्ट चालत होती. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणायला हवं होतं, आणि म्हटलं नाही. कशी केलीस ते मला सांगू नकोस. मी फार विचारलं तरी सांगू नकोस. मामा.