काकांचं झुडूप

वेर्खनी-यार,
मार्चअखेर

तीर्थस्वरूप ग्लाफिरा मावशीस,

झान्नाचा वाकून नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे डोळे आणि मान सोडून बाकीची मी खुशाल आहे. तुझे गुडघे कसे आहेत? बर्फ वितळायला लागलं की ते दुखतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तरात नुसतं 'तसेच' लिहिलंस तरी समजेन. टोमॅटोची रोपं खिडकीत लावली असशीलच. माझी रोपं दोन बोटं उंच झाली आणि मग विचार बदलल्यासारखी आडवी पडली. (यंदा पाणी जास्त झालं. गेल्या वर्षी कमी झालं होतं. दोन्ही वेळा डायरीत लिहून ठेवलं, शिकले मात्र काही नाही.) तुझं पत्र मिळालं. बारा एप्रिलला, अंतराळवीर दिनी, तू सारातोवहून बसने येणार, इमारतीतल्या शेजारणींना घेऊन येणार, कोबीचं सारण भरून पिरोग भाजून आणणार आणि संग्रहालयाच्या प्रदर्शनातल्या त्या मोठ्या फोटोखाली उभी राहून आर्सेनी काकांबद्दल दोन शब्द बोलणार, हे सगळं वाचलं. उत्तराला उशीर झाला. का झाला ते सांगते, पण थोडं लांबून यावं लागेल.

मी संग्रहालयात फोटोंच्या कामावर आहे हे तुला माहीत आहे. अंतराळयुगाच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्या कारखान्यात काढलेले सगळे फोटो स्कॅन करायचे, खाली माहितीच्या ओळी लिहायच्या आणि वेबसाइटवर टाकायचे, म्हणजे जगातल्या कुणालाही ते घरबसल्या बघता येतील. ज्या गावाचं नाव इतकी वर्षं नकाशावर नव्हतं, त्या गावाला आता सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटू लागलं आहे. आमच्या संचालिका एम्मा काझिमिरोव्ना याला 'खुला संग्रह' म्हणतात. खुल्या संग्रहाच्या खोलीला दोन कुलपं आहेत आणि दुसऱ्याची किल्ली बाईंच्या पर्समध्ये असते. बाई रजेवर गेल्या की संग्रह खुलाच असतो, आम्ही तेवढे बाहेर असतो.

आता फोटोंचं सांगते. त्या काळी आपल्याकडे गुपित राखायची एक सुबक पद्धत होती. फोटो आधी सगळ्यांचा काढायचा आणि छापण्यापूर्वी ज्यांची नावं जगाला कळू नयेत त्यांना ब्रशने पुसून टाकायचं. पुसलेल्या जागी काहीतरी हवं म्हणून कुठे खांब, कुठे पडदा, कुठे कुंडी रंगवायची. चंद्राची कधीच न दिसणारी बाजू एकोणसाठ साली आपण फोटो काढून जगाला दाखवली, आणि ज्यांनी ते केलं त्यांच्या दिसणाऱ्या बाजूवर कुंड्या ठेवल्या. यातून गावात मोठेपणाचं जे माप तयार झालं ते मी बाहेरच्या माणसाला समजावू शकत नाही. फोटोत दिसतो तो फालतू. दिसत नाही तो मोठा. लग्नाच्या बोलणीत लोक विचारत, मुलाचे वडील फोटोत आहेत का, आणि 'नाहीत' म्हटलं की मुलीकडचे ताठ बसत.

आणि सगळ्यांत मोठं न दिसणं म्हणजे आपलं झुडूप. (आपलं म्हणते आहे, सवयीने.) तोच फोटो: ऑक्टोबर एकोणसाठ, कारखान्याच्या कँटीनपुढचं बाक, बसलेली आणि उभी मंडळी, आणि उजवीकडे फुलांनी लगडलेलं लायलॅकचं झुडूप. तुझ्या स्वयंपाकघरात या फोटोचं कॅलेंडर होतं, वर्ष संपलं तरी उतरवलं नाहीस. लहानपणी तू मला कडेवर घेऊन झुडपावर बोट ठेवायचीस आणि म्हणायचीस, "हे बघ, इथे काका." मी झुडपाला टाटा करायचे. लायलॅक मेमध्ये फुलतं हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मग ऑक्टोबरात ते कसं फुललं, असं अख्ख्या गावात एकानेही कधी विचारलं नाही. उलट ज्याच्यासाठी ऑक्टोबरात लायलॅक फुलवावं लागलं तो माणूस काय तोलाचा असेल, असं म्हणत.

अडचण एवढीच की या झुडपाखाली फक्त आपलेच काका नाहीत. वेबसाइटवर आम्ही 'फोटोतील व्यक्ती ओळखा' अशी सोय केली. लोकांनी दिसणाऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे झुडपावर तुटून पडले. पहिले आले पोताप इग्नात्येविच, कर्नलसाहेबांचे चिरंजीव, वय पंच्याहत्तर, छातीवर वडिलांची पदकं. मग आल्या दातांच्या डॉक्टर फाइना सेम्योनोव्ना. त्यांच्या मते तिथे त्यांच्या आई आहेत. दोघांची गाठ माझ्या टेबलाशी पडली.

पोताप इग्नात्येविच पट्टी घेऊनच आले होते. झुडूप मोजून म्हणाले, "हे दोन माणसांचं झुडूप आहे. एक माझे वडील. दुसरा कोण ते तुम्ही आपसात बघा."

"दोन?" फाइना म्हणाल्या, "अहो, माझी आई अंगापिंडाने चांगली भरलेली होती. ती उभी राहिल्यावर तुमच्या कर्नलसाहेबांना फांदीवर बसावं लागलं असतं."

"माझे वडील कधी कुणासाठी सरकले नाहीत!"

"ते तर अख्ख्या गावाला माहीत आहे. कँटीनच्या रांगेतही नाही सरकायचे."

मी मध्ये पडून म्हटलं की आमच्या काकांचाही एक दावा आहे. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खुर्ची ओढून बसले आणि खुर्ची त्यांची होती. तरी मी मागे हटले नाही, मावशी. तुझी शपथ, काकांच्या बाजूने मी चांगली भांडले. नंतर घरी आल्यावर प्रश्न पडला की मी नक्की कशावरून भांडले. काकांनी स्वतः 'मी झुडपाखाली आहे' असं म्हटलेलं कुणी ऐकलं आहे का? मला आठवतं ते एवढंच: कुणी विचारलं की ते फोटोकडे हात करायचे आणि हसून म्हणायचे, "आहे की तिथेच! दिसत नाही का?" दिसत तर नव्हते. मग झुडूपच उरलं. (तुला काही वेगळं बोलले असतील तर मी आत्ताच माफी मागते.)

मागच्या महिन्यात या फोटोची मूळ काचेची निगेटिव्ह सापडली. ब्रश लागायच्या आधीची. कारखान्याच्या फुटबॉल संघाच्या काचांमध्ये ती चुकून जाऊन बसली होती, आणि आपल्या संघाचे फोटो बघायची इच्छा कुणालाही न झाल्यामुळे ती सुखरूप राहिली. मी ती दिव्यावर धरली. झुडपाच्या जागी काय होतं सांगू? दोरी होती. दोरीवर वाळत घातलेल्या दोन लांब लोकरी चड्ड्या होत्या. बस. चंद्रापर्यंत पोचलेल्या माणसांच्या मागे चड्ड्या वाळताना जगाला दिसू नयेत म्हणून कुणा भल्या चित्रकाराने त्यांवर वसंत ऋतू रंगवला होता.

दोन्ही दावेदारांना बोलावून दाखवणं भाग होतं. (भाग होतं का? न दाखवता कपाटात ठेवता आली असती. तो विचार माझ्या मनात आला, आणि बराच वेळ बसला.) फाइना सेम्योनोव्ना इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, म्हणाल्या, "आईला सांगायला हवं होतं," आणि मग कोट घालून गेल्या. पोताप इग्नात्येविच मात्र भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. शेवटी मान वर करून म्हणाले, "डावीकडची वडिलांची आहे." तशी नोंद करून घ्या, असाही आग्रह धरला. मी केली. इतक्या निष्ठेपुढे नाही म्हणणारी मी कोण?

हसून घे, मावशी, कारण यापुढचं मला हसत लिहिता आलेलं नाही. कागद तीनदा बदलला.

निगेटिव्हवरचे चेहरे छापील फोटोतल्या चेहऱ्यांसारखे नाहीत. त्या चित्रकाराने मंडळी पुसली नव्हती, ती सुधारली होती. प्रत्येकाला एकच खंबीर जबडा, एकसारखे डोळे, भविष्याकडे लागलेले. निगेटिव्हमध्ये ती आपली साधी माणसं आहेत: कुणी जांभई दाबतो आहे, कुणी नाकाला हात लावतो आहे. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा, एक पोरगेला माणूस तोंड उघडून हसतो आहे. कान बाजूला असे की वाऱ्याच्या दिवशी काळजी वाटावी. पुढच्या दाताचा तुकडा उडालेला. छापील फोटोत त्याचे कान डोक्याला चिकटवले होते, दात बुजवला होता आणि हसू काढून घेतलं होतं. आणि हा माणूस आपण वर्षानुवर्षं त्या कॅलेंडरवर बघत होतो, मावशी. तू त्याच्यावरून फडकं फिरवून झुडूप पुसायचीस.

'आहे की तिथेच, दिसत नाही का?'

मी एम्मा काझिमिरोव्नांकडे गेले. त्यांनी निगेटिव्ह पाहिली आणि म्हणाल्या, "झान्ना, बाळ, लोकांचं लायलॅकवर प्रेम आहे. चड्ड्यांवर कोण प्रेम करणार?" मग बाईंनी नियम काढला (बाईंना नियम हवा तेव्हा सापडतो): मूळ निगेटिव्ह प्रदर्शनात तेव्हाच लागेल जेव्हा तिच्यातल्या निदान एका माणसाला जवळचा नातेवाईक लेखी ओळखेल. नाहीतर ती दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे आपण सगळे गेल्यावर. भाचीचं ओळखणं चालत नाही, तेही काकांच्या नव्हे, तुझ्या बहिणीच्या मुलीचं. ते मी विचारून पाहिलं. बारा तारखेला भिंतीवर एकच फोटो लागणार. लायलॅकचा लागला तर तू ठरल्याप्रमाणे त्याखाली उभी राहा, बोल, शेजारणी रडतील, पिरोग संपेल, काका आहेत तसे मोठे राहतील. निगेटिव्हचा लागला तर गावाच्या मापाने तू आजपासून एका दिसणाऱ्या माणसाची बायको होशील. पोताप इग्नात्येविच तुला चड्डीएवढाही मान देणार नाहीत.

मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. आयुष्य तुझं, काका तुझे, आणि ज्या बायका बसमधून येणार आहेत त्याही तुझ्याच. खरं सांगायचा हट्ट मला आहे, पण तो चांगुलपणामुळे की नुसत्या खोडीमुळे, याचा निकाल माझ्या डायरीत अजून लागलेला नाही.

गुडघ्यांना गरम कपडा बांधत जा. सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
झान्ना

ता. क. पिरोग कुठल्याही परिस्थितीत आण. नियमांत तिच्याबद्दल काही नाही.

ता. क. दुसरा. ओळखायचं असेल तर वेगळा कागद नको, पत्रातच लिही: 'मागची रांग, डावीकडून तिसरा', आणि पुढे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते काका नव्हेत असं वाटलं तर तसं लिही, किंवा काहीच लिहू नकोस. मी 'अनोळखी' लिहीन आणि पुन्हा विचारणार नाही.

ता. क. तिसरा. निर्णय तुझा असं वर लिहिलं आहे खरं, पण मी त्या निगेटिव्हवरून छापलेली प्रत याच पाकिटात घातली आहे. पाकीट उघडल्यावर तू आधी ते उलटं करून झटकतेस, तेव्हा या ओळीपर्यंत येण्याच्या कितीतरी आधी तुझं बघून झालं असणार. मग मी एवढं लांबलचक लिहिलं कशाला, असं विचारशील. भीती वाटत होती. बंद गावात कॅमेरा बाळगता येत नसे, म्हणून तुझ्याकडे काकांचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा, त्यात ते कुणाच्यातरी अंत्ययात्रेला आल्यासारखे दिसतात. हा पंचवीस वर्षांचा हसरा माणूस तुला एकदम असा हातात पडेल तेव्हा तू खुर्चीत बसलेली असावीस, एवढीच माझी इच्छा होती, आणि नेमकं तेच आधी लिहायचं राहिलं. नाव लिही किंवा लिहू नकोस. फोटो मात्र परत पाठवू नकोस.